वरमाला जपायची, तर रेझिन ओळखा

लग्नातले हार रेझिनमध्ये जपून ठेवण्याची हौस आता घरोघरी पोहोचली आहे. अनेक गृहिणींना त्यातून चार पैसेही मिळतात. पण एकदा ओतलेले रेझिन पुन्हा पातळ होत नाही आणि बिघडलेली वरमाला पुन्हा आणता येत नाही. म्हणूनच बाटली उघडण्याआधी थोडे समजून घेतलेले बरे.

लग्न पार पडते, पाहुणे परततात, मांडव उतरतो. मागे राहतात ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या शेजारी, पिशवीत गुंडाळून ठेवलेले दोन हार. चार दिवसांत गुलाबाच्या पाकळ्या कडेने काळवंडू लागतात, निशिगंध पिवळा पडतो. पूर्वी असे हार निर्माल्याबरोबर नदीत किंवा विहिरीत सोडले जात. आता मुलगी म्हणते, ‘‘आई, हे टाकायचे नाहीत. रेझिनमध्ये करून घ्यायचे.’’

मग कोणाच्या तरी ओळखीने अशी कामे करणारी एखादी गृहिणी सापडते. तिने हे काम एखाद्या छोट्या शिबिरात किंवा मोबाइलवरील चित्रफिती पाहून शिकलेले असते. जागा स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी पुरते, सामान घरपोच येते, वेळ आपल्या सोयीने काढता येतो. काचेसारख्या पारदर्शक चौकटीत फुले, पत्रिकेवरची नावे आणि लग्नाची तारीख पाहून नवे जोडपे हरखून जाते.

पण दोन महिन्यांनी तीच चौकट वेगळी दिसू लागली तर? मधली फुले चहाच्या रंगाची झालेली, त्यांच्याभोवती पाण्यासारखे डाग आणि पृष्ठभाग इतका चिकट की बोट ठेवले तर ठसा उमटावा. घेतलेले पैसे परत करता येतात, हार परत करता येत नाही. अशा बहुतेक कामांत दोष हाताच्या कसबाचा नसतो. रेझिन निवडताना, मोजताना किंवा फुले वाळवताना केलेली घाई नडलेली असते.

रेझिन म्हणजे नेमके काय?

बाजारात ज्याला सरसकट ‘रेझिन’ म्हणतात, ते हस्तकलेत बहुधा इपॉक्सी रेझिन असते. ही काही नवी वस्तू नाही. इपॉक्सीवर आधारलेले ‘अॅरल्डाइट’ १९४६ साली बाजारात आले. फुटलेली कपबशी किंवा तुटलेली मूठ जोडायला दोन छोट्या नळ्यांतले पदार्थ सारखे घेऊन काडीने कालवायचे, हे आपल्याकडच्या कित्येक घरांना ठाऊक आहे. वरमालेसाठी वापरले जाणारे रेझिन त्याच कुळातले. फक्त ते पातळ, स्वच्छ आणि हळू घट्ट होणारे असते.

यात दोन बाटल्या असतात. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही वेगवेगळे ठेवले तर महिनोन् महिने पातळ राहतात. एकत्र आले की त्यांचे कण एकमेकांत गुंफू लागतात आणि एक घट्ट जाळे तयार होते. मेण तापवले की वितळते, गार झाले की पुन्हा गोठते. रेझिनचे तसे नाही. हे जाळे एकदा विणले गेले की उसवत नाही. तापवले तर ते मऊ पडेल, फार तापवले तर करपेल, पण पुन्हा ओतण्याजोगे होणार नाही. म्हणून या कामातले सगळे निर्णय ओतण्याआधीच घ्यावे लागतात.

महागडे नव्हे, कामाजोगे

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. खरे तर पहिला प्रश्न जाडीचा असायला हवा. आपण रेझिनचा किती जाड थर ओतणार आहोत, यावर त्याची निवड ठरते.

लेप देण्याचे रेझिन, म्हणजे कोटिंग रेझिन, जरा दाट असते आणि लवकर आवळते. ट्रे, पाट, रांगोळीचे नक्षीकाम, घड्याळाची तबकडी अशा वस्तूंवर ३ ते ६ मिलिमीटरचा चकचकीत थर देण्यासाठी ते उत्तम. पण याच रेझिनने कोणी वरमालेची ४ सेंटीमीटर खोल चौकट एका दमात भरली, तर घात होतो. घट्ट होताना रेझिन स्वतः उष्णता सोडते. पातळ थरातली उष्णता हवेत निघून जाते, जाड थरात ती आतच कोंडते. उष्णता वाढली की क्रिया वेगाने होते आणि क्रिया वेगाने झाली की उष्णता आणखी वाढते. मग रेझिन उकळल्यासारखे फुगते, पिवळे पडते, तडकते, कधी त्यातून धूरही निघतो. फुले अक्षरशः शिजून निघतात.

खोल साच्यासाठी कास्टिंग रेझिन घ्यावे. ते पाण्यासारखे पातळ असते आणि अगदी सावकाश आवळते. त्यामुळे उष्णता हळूहळू बाहेर पडते आणि बुडबुड्यांनाही वर यायला वेळ मिळतो. ते घट्ट व्हायला एक दिवसापासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. मात्र त्याच्याही एका थराला मर्यादा असते. ती डब्यावर छापलेली असते. छापलेली नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ते रेझिन घेऊ नये.

तिसरा प्रकार अतिनील दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होणाऱ्या यूव्ही रेझिनचा. यात हार्डनर मिसळावा लागत नाही. कानातले, पेंडंट, किल्लीची साखळी अशा लहान आणि पातळ वस्तूंसाठी ते सोयीचे. पण दिव्याचा प्रकाश जिथे पोहोचत नाही तिथे ते ओलेच राहते. दाट फुलांच्या चौकटीसाठी ते कामाचे नाही.

आणि एक गफलत हटकून होते. फायबरच्या वस्तू बनवणाऱ्यांना लागणारे सामान जिथे मिळते, तिथे नुसते ‘रेझिन’ मागितले तर पॉलिएस्टर रेझिन हाती येऊ शकते. ते स्वस्त असते, पण त्याचा वास फार उग्र असतो, घट्ट होताना ते बरेच आकसते आणि त्याची मिसळण्याची पद्धतच निराळी आहे. घरातल्या कोपऱ्यात करण्याचे ते काम नव्हे. म्हणून ‘इपॉक्सी’ हा शब्द उच्चारून मागावे आणि डब्यावर वाचून घ्यावा.

किती लागेल, याचा हिशेब आधी करा

अर्धा साचा भरल्यावर रेझिन संपले, असे होऊ नये म्हणून सोपा हिशेब आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. २० सेंटीमीटर लांब, तितकीच रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच चौकट असेल, तर १६०० मिलिलिटर. गोल साच्यासाठी त्रिज्येचा वर्ग करून त्याला ३.१४ ने आणि मग उंचीने गुणावे. फुले थोडी जागा व्यापतात, पण भांड्याला आणि काडीला थोडे चिकटूनही राहते. तेव्हा हिशेब काटेकोरच धरावा. पहिल्यांदा काम घेणाऱ्या अनेकींचा नफा इथेच बुडतो. चौकट दिसते तळहातावर मावेल एवढी, आणि तिला रेझिन लागते दीड लिटरहून अधिक!

माप चुकले की सगळे चुकले

स्वयंपाकात ‘अंदाजाने’ घातलेले मीठ आपल्या हाताला साधते. रेझिनमध्ये अंदाज चालत नाही. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे असते. कुठे एकास एक, कुठे दोनास एक, कुठे तीनास एक. ते प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हेही नीट वाचावे लागते, कारण रेझिन जड असते आणि हार्डनर त्याहून हलके.

एक उदाहरण घ्या. डब्यावर आकारमानाने ‘दोनास एक’ लिहिले आहे आणि आपण वजनकाट्यावर १०० ग्रॅम रेझिनला ५० ग्रॅम हार्डनर घेतले. वाटते, बरोबरच आहे. पण अशा रेझिनला प्रत्यक्षात ४२ ते ४५ ग्रॅमच हार्डनर लागण्याचा संभव असतो. वर गेलेले पाचसात ग्रॅमच पुढे चिकटपणा होऊन त्रास देतात. तेव्हा प्रमाण आकारमानाचे असेल तर खुणांच्या पेल्याने मोजावे, वजनाचे असेल तर काट्याने.

‘थोडे जास्त हार्डनर घातले की लवकर घट्ट होते’ हा सल्ला तर कानाआडच करावा. फुगडीला मुलींच्या जोड्या लावताना एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला पंधरा जणी असतील, तर पाच जणींचे हात मोकळेच राहणार. रेझिनमध्येही तेच होते. ज्यांना जोडीदार मिळाला नाही ते कण मोकळे राहतात आणि वस्तू कायमची मऊ किंवा चिकट राहते. मग ती उन्हात ठेवा, पंख्याखाली ठेवा, उपयोग होत नाही.

मिसळताना घाई नको आणि जोरही नको. ३ ते ५ मिनिटे सावकाश ढवळावे. भांड्याच्या कडा आणि तळ पुन:पुन्हा खरवडावे, कारण न मिसळलेला भाग तिथेच दडून बसतो. नंतर सगळे मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळावे. भांडे, काडी, हात यांना पाण्याचा थेंबही नको. रंग द्यायचा असेल तर रेझिनसाठीचेच रंग किंवा मायका पावडर घ्यावी, तीही चिमूटभर. पाण्यात कालवायचे पोस्टर कलर घातले तर रेझिन गढूळ होते आणि नीट आवळत नाही.

फुले वाळली, तर काम जिंकले

रेझिन फुलांना हवेपासून तोडते, पण त्यांच्यातले पाणी शोषून घेत नाही. ओलसर फूल आत बंद झाले की ते तिथेच काळे पडते. म्हणून वरमाला आणल्याबरोबर दोरा कापून फुले सुटी करावीत, सडलेल्या पाकळ्या काढाव्यात आणि सिलिका जेलमध्ये वाळत घालावीत. हवाबंद डब्यात खाली एक थर सिलिका जेल, त्यावर फुले, आणि पाकळ्यांच्या मधल्या जागाही भरतील असा वरून दुसरा थर. पाचसात दिवसांत पातळ पाकळ्या कुरकुरीत होतात. गुलाबाचा देठाजवळचा जाड भाग, शेवंती आणि झेंडू यांना जास्त वेळ द्यावा. पाकळी वाळली म्हणून फूल वाळले असे समजू नये. मधला भाग दाबून पाहावा. तो मऊ लागला तर आणखी थांबावे.

ग्राहकालाही आधीच खरे सांगावे. लाल गुलाब वाळल्यावर गडद होतो. मोगरा आणि निशिगंध पांढरेशुभ्र राहत नाहीत, त्यांच्यावर पिवळट छटा येते. ताज्या हाराचे छायाचित्र दाखवून ‘अगदी असेच राहील’ असे वचन देणे म्हणजे पुढच्या भांडणाला आमंत्रण आहे.

वाळलेल्या फुलात हवा असते आणि ती रेझिनमध्ये बुडबुडे होऊन बाहेर येते. म्हणून प्रत्येक फुलाला आधी रेझिनचा पातळ हात फिरवून ते आवळू द्यावे. मग साच्यात तळाला एक पातळ थर ओतावा. तो थोडा चिकट असतानाच फुले मांडली की ती तरंगत नाहीत. पुढचे थर डब्यावरच्या मर्यादेतच आणि आधीचा थर गार झाल्यावर ओतावेत. खालचा थर अजून किंचित चिकट असेल तर दुसरा त्याला घट्ट धरतो. तो पूर्ण कडक झाला असेल, तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासून, पुसून मगच पुढचा थर द्यावा. वर आलेले बुडबुडे टाचणीने फोडावेत किंवा गरम हवेचा झोत क्षणभर फिरवावा. वाळलेल्या फुलांजवळ ज्योत नेऊ नये, ती पेटायला वेळ लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे त्याच हारातली गळालेली फुले घेऊन, त्याच रेझिनचा एक छोटा नमुना आधी करून पाहावा. तो आठवडाभर ठेवावा. नमुना बिघडला तर चार पाकळ्या गेल्या. चौकट बिघडली तर एका घराची आठवण गेली.

ऋतू पाहून काम करा

आपला देश मोठा, हवा ठिकठिकाणची निराळी. दिल्लीच्या थंडीत राहणारी, नागपूरच्या उन्हाळ्यात काम करणारी आणि मुंबईच्या पावसात साचा भरणारी, या तिघींना एकच पद्धत लागू पडत नाही.

रेझिनला साधारण २२ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो. तेव्हा कडक उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री काम करावे आणि थोडेथोडेच मिसळावे. थंडीत रेझिन दाट होते, बुडबुडे अडकतात, कधी बाटलीत साखर बसल्यासारखे पांढरे कण दिसतात. अशी बंद बाटली कोमट पाण्यात ठेवावी. कण विरघळून रेझिन पूर्ण स्वच्छ झाले की गार करून वापरावे. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्यामुळे पृष्ठभागावर पांढुरका, मेणचट थर येऊ शकतो. म्हणून मुसळधार पावसाच्या दिवशी शक्यतो साचा भरूच नये. लग्नाचा हार पावसाळ्यात आला तर फुले वाळवून हवाबंद डब्यात ठेवता येतात. ती थांबू शकतात, आपणच थांबत नाही!

स्वतःला जपायला विसरू नका

फुले जपताना हात मात्र उघडे, असे दृश्य अनेक घरांत दिसते. घट्ट झालेले रेझिन निरुपद्रवी वाटते, पण पातळ रेझिन आणि विशेषतः हार्डनर त्वचेला लागत राहिले तर अॅलर्जी होऊ शकते. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. कधी महिन्यांनी, कधी वर्षाने बोटांना खाज सुटते, मनगटावर पुरळ येते, पापण्या सुजतात. एकदा ही अॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते. मग थोड्याशा रेझिननेही त्रास होतो आणि मेहनतीने उभा केलेला उद्योग सोडून द्यावा लागतो. डब्यावर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असले तरी ते बहुधा पूर्ण घट्ट झालेल्या वस्तूबद्दल असते, बाटलीतल्या द्रवाबद्दल नव्हे.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खराब होताच बदलावेत. पूर्ण बाह्यांचा कपडा आणि चष्मा वापरावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वाफांसाठीचा मास्क वेगळा मिळतो, साधा कापडी मास्क त्या कामाचा नाही. कडा घासताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून पाणी लावून घासावे. रेझिन अंगाला लागलेच तर ते अॅसिटोन किंवा थिनरने पुसू नये. त्याने ते उलट त्वचेत खोलवर जाते. कापडाने टिपून साबणपाण्याने धुवावे. गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी हे काम टाळणेच चांगले. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि रेझिनसाठी वापरलेली वाटी किंवा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

उरलेले मिश्रण खोल पेल्यात तसेच सोडून उठू नये. तेच तापून धुमसू लागते. ते पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून, गॅलरीत घट्ट होऊ द्यावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. मोरीत तर ते कधीच ओतू नये.

वचन तेवढेच द्या, जेवढे निभेल

रेझिनची वस्तू एकदोन दिवसांत हाताला कडक लागते, पण पूर्ण आवळायला बहुधा आठवडा लागतो. तोपर्यंत ती बांधून पाठवू नये. नाहीतर वेष्टनाचे ठसे उमटतात. तयार वस्तूही उन्हात ठेवण्याची नव्हे. चांगल्या रेझिनमधले संरक्षक द्रव्य पिवळेपणा लांबवते, पण कायमचा थांबवत नाही. देवघरातल्या समईजवळ किंवा खिडकीसमोरच्या भिंतीवर चौकट लावू नये, हे ग्राहकाला सांगावे. हस्तकलेची पुष्कळशी रेझिने ५०-६० अंशांपलीकडे मऊ पडू लागतात. म्हणून त्यांच्यावर उकळत्या चहाचा कप ठेवला की ठसा राहतो. ताटवाट्यांच्या आतल्या भागाला रेझिनचा लेप देऊन त्यात जेवण वाढणे तर टाळावेच.

काम घेताना हाराचे आणि सुट्या फुलांचे छायाचित्र काढावे. लागणारा काळ, रंगात होणारा बदल आणि घ्यायची काळजी चार ओळींत लिहून द्यावी. ‘आठ दिवसांत करून देते’ म्हणणारी कदाचित दोन कामे जास्त मिळवील. ‘महिना लागेल’ असे सांगून ठरल्याप्रमाणे नितळ चौकट हाती देणारीकडे मात्र त्याच घरातल्या धाकट्या बहिणीची वरमालाही येईल.

लग्नाच्या गडबडीत हार घालायला एक क्षण लागतो. तो क्षण जपायचा असेल, तर वाळवायला आठवडा, मोजायला पाच मिनिटे आणि आवळायला काही दिवस द्यायलाच हवेत. रेझिन मिसळून झाल्यावर ते कोणासाठी थांबत नाही. थांबायचे असते ते आपण, बाटली उघडण्याआधी.